डोमिसाइलवरून प्रवेश अडला? कोर्टात काय टिकतं, काय नाही

सीईटीचा निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न कानावर येतो. मार्क आहेत, पण यादीत नावापुढे 'ओएमएस' म्हणजे महाराष्ट्राबाहेरचा उमेदवार असं आलंय. कोर्टात गेलो तर होईल का? सोबत मोबाइलवर कोर्टाच्या एका निकालाची बातमी असते आणि "राज्यातल्या रहिवाशांना जागा राखून ठेवायची ही डोमिसाइलची अट आता रद्द झालीय" असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं.

रद्द झालेली नाही. 29 जानेवारी 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवासावरचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं ते पदव्युत्तर वैद्यकीय जागांपुरतं. पदवीला ते मर्यादित प्रमाणात चालतं, हेही त्याच निकालात आहे. घटनेचं कलम 15 जन्मस्थानावरून भेदभावाला बंदी करतं, त्यात निवासाचा उल्लेख नाही. इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या फीवरून 1955 सालीच न्यायालयाने हा फरक मान्य केला होता. 1984 च्या प्रदीप जैन निकालाने सरसकट सगळ्या जागा राज्यातल्यांनाच ठेवायला मनाई केली, पण काही जागा ठेवायला हरकत घेतली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये तर तेलंगणाची, बारावीपर्यंतची शेवटची चार वर्षं राज्यातच शिकलेलं असावं ही एमबीबीएसची अटही टिकली. तेव्हा 'अटच बेकायदेशीर' एवढ्या मुद्द्यावर इंजिनिअरिंग किंवा फार्मसीच्या पदवीसाठी धावलात, तर वकिलाची फीही जाईल आणि प्रवेशाची फेरीही (राउंड).

टिकण्यासारखा मुद्दा वेगळा असतो: अट ठीक, पण मला चुकीची किंवा अन्याय्य रीतीने लावली. मार्च 2024 मध्ये असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुलगा महाराष्ट्रात जन्मलेला, वडील सीमा सुरक्षा दलात, त्यामुळे दहावी-बारावी राज्याबाहेर. मिळालेला एमबीबीएसचा प्रवेश रद्द केला होता. न्यायालयाने पुढच्या सत्रात प्रवेश आणि एक लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. जिंकूनही वर्ष गेलं, हे लक्षात ठेवा.

म्हणून महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून आपण कुठल्या प्रकारात (टाइपमध्ये) बसतो, ते आधी तपासा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि अधिवास (डोमिसाइल) किंवा जन्म इथला, तर टाइप ए. त्यात न बसणाऱ्यांसाठी स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा अधिवास असेल तर टाइप बी. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या पालकांची बदली इथे झालेली असेल तर सी, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना डी, आणि बेळगाव-निपाणीकडच्या वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी ई. कितीतरी जण टाइप ए भरून नाकारले जातात, आणि बीमध्ये सहज बसले असते. वडिलांच्या नावाचा अधिवास दाखला चालतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

खरा खोळंबा 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व' दाखल्यावर होतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत करायचा. पुरावा साधारण पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा मागतात, आणि भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या कुटुंबाकडे तो सलग कुठून असणार? लाइट बिल घरमालकाच्या नावावर, रेशन कार्ड गावाकडचं. अशा वेळी मुलाचे शाळेचे दाखले पहिलीपासून जोडा; वर्षं सांधायला त्यांच्याइतका सोपा कागद नाही. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यातला जन्मस्थानाचा रकाना आजच वाचा. नुसतं गावाचं नाव असेल, तालुका-जिल्हा नसेल, तर शाळेतून दुरुस्ती करून घ्या किंवा जन्मदाखला जवळ ठेवा. सेवा हक्क कायद्यानुसार अधिवास दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर अपील करता येतं, पण प्रवेश प्रक्रिया चालवणारा राज्याचा सीईटी सेल तुमच्या अपिलासाठी थांबत नाही. बारावीची परीक्षा संपली की लगेच अर्ज टाका.

तारखेचा घोळ वेगळाच. फॉर्मची शेवटची तारीख सगळ्यांना पाठ असते. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतीसाठी मिळणारे मोजके दिवस मात्र निसटतात. हरकत आपल्या लॉगिनमधूनच नोंदवा. ईमेल केला, हेल्पलाइनला फोन केला, याला कुणी हिंग लावून विचारत नाही. नाकारल्याचं कारण जसं दिसतं तसं डाउनलोड करून ठेवा. पुढे उच्च न्यायालयात पहिला प्रश्न हाच येतो: हरकत घेतली होती का?

याचिका घटनेच्या कलम 226 खाली, उच्च न्यायालयाच्या आपल्या भागाच्या खंडपीठात. कोल्हापूरला ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच आहे. प्रतिवादी राज्य शासन, सीईटी सेल आणि जागा मिळालेली असेल तर ते कॉलेज. मुलगा-मुलगी अठराच्या आत असेल, बहुतेकदा असतेच, तर याचिका पालकांमार्फत करावी लागते. अंतिम निकाल येईपर्यंत एक जागा रिकामी ठेवावी, ही अंतरिम मागणी पहिल्याच तारखेला करायला वकिलाला सांगा. सगळ्या राउंड संपल्यावर गेलात तर न्यायाधीशांच्या हातातही फारसं काही उरत नाही.

वकील परवडत नसेल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. मुली, अठराच्या आतली मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींचे उमेदवार यांना मोफत मदत मिळते, त्यांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. तिथल्या टेबलावर उत्पन्नाचा दाखला मागितलाच, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 दाखवा.