पार्श्वभूमी : साओ पाउलोचा महापौर आणि त्याच्यामागे उभा असलेला उपमहापौर

ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहराच्या निवडणुकीबद्दल मराठीत लिहायला बसलं की पहिली अडचण शब्दाची. आपल्याकडचा महापौर सभागृहाचं अध्यक्षस्थान भूषवतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतो. तिजोरीच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. तिथला ‘प्रेफेइतो’ म्हणजे हे दोघे एकात. लोकांनी थेट निवडलेला, खातेप्रमुख स्वतः नेमणारा, शंभर अब्ज रेआइसच्या (ब्राझीलचं चलन) पुढचा वार्षिक अर्थसंकल्प चालवणारा. 55 नगरसेवक वेगळ्या मतदानातून येतात. ‘उपमहापौर’ हा शब्द तर त्याहून फसवा. आपल्याकडे हे पद बहुधा मित्रपक्षाची समजूत काढायला वापरतात. साओ पाउलोतही महापौरपदाच्या उमेदवाराने उपमहापौरपदासाठी आपला जोडीदार निवडताना हिशेब तोच असतो. फरक इतकाच की तिथे तो जोडीदार पुढे खरोखरच शहर चालवायला बसतो, आणि तेही अनेकदा.

जुना इतिहास थोडक्यात. हे पद 1899 पासूनचं. 1930 नंतर दोन दशकांहून अधिक काळ महापौर वरून नेमले जात. 22 मार्च 1953 ला थेट निवडणूक झाली आणि ‘दिडकी विरुद्ध लाख’ अशा धाटणीचा प्रचार करणारा एक शाळामास्तर प्रस्थापितांना हरवून निवडून आला. दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत, जानेवारी 1955 मध्ये, तो साओ पाउलो राज्याचा गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, राज्य चालवणारा) झाला. म्हणजे महापालिकेचा पायरीसारखा वापर करायची सवय काही आजची नाही. हाच गृहस्थ 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि सात महिन्यांत राजीनामा देऊन मोकळा झाला.

मार्च 1965 मध्ये शहराने पुन्हा महापौर निवडला. त्यानंतर वीस वर्षं ती संधीच मिळाली नाही. लष्करी राजवटीने फेब्रुवारी 1966 मध्ये हुकूम काढून साओ पाउलोसारख्या राज्यांच्या राजधान्यांचे महापौर नेमण्याचा अधिकार गव्हर्नरांना दिला.

मतदान परत आलं ते 15 नोव्हेंबर 1985 ला. एकीकडे तोच जुना शाळामास्तर, दुसरीकडे समाजशास्त्राचा प्राध्यापक असलेला एक सिनेटर, जो पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला. सिनेटर महाशयांनी निकालाआधीच महापौरांच्या खुर्चीत बसून फोटो काढून घेतला. मग साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरकाने हरले. 1 जानेवारी 1986 ला विजेत्याने छायाचित्रकारांसमोर त्या खुर्चीवर फवारा मारून ती ‘शुद्ध’ करून घेतली. साओ पाउलोच्या राजकारणातला हा किस्सा अजूनही सांगितला जातो.

1988 मध्ये ईशान्य ब्राझीलमधून आलेली, डाव्या पक्षाची एक समाजसेविका शहराची पहिली महिला महापौर झाली, ती साधारण 30 टक्के मतांवर. नव्या राज्यघटनेत दोन लाखांहून अधिक मतदारांच्या शहरांसाठी दुसरी फेरी (कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान) होती, पण त्या वर्षीच्या निवडणुकीला संक्रमणकालीन कलमाने ती लागू नव्हती. 1992 पासून लागू झाली. 1996 ला मतदान यंत्रं आली.

खरा गुंता 1997 नंतरचा. तोपर्यंत महापौराला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नसे. म्हणूनच 1996 ला मावळत्या महापौराने आपल्या अर्थखात्याच्या प्रमुखाला पुढे केलं होतं. 1997 च्या घटनादुरुस्तीने एकदा पुनर्निवडीची मुभा दिली. पण पुनर्निवड कोणाची? घटना म्हणते, जो पदावर निवडून आला त्याची, आणि जो कार्यकाळाच्या मध्येच त्या जागी आला त्याचीही. म्हणजे महापौर म्हणून ज्याला एकानेही मत दिलेलं नाही, तो पहिल्यांदा उभा राहतो ती कायद्याच्या लेखी ‘पुन्हा’ निवड. तो जिंकला तर पुढची निवडणूक त्याला बंद. कार्यकाळाची उरलीसुरली वर्षं मिळाली, त्यापायी चार वर्षांची एक संधी गेली. हा त्याचा तोटा म्हणायचा तर फायदाही तेवढाच मोठा: सत्तेतला उमेदवार म्हणून, हातात अख्खी यंत्रणा घेऊन तो प्रचार करतो.

याला जोडून आणखी एक नियम. महापौराला दुसऱ्या पदासाठी लढायचं असेल तर सहा महिने आधी खुर्ची सोडावी लागते. स्वतःच्याच खुर्चीसाठी लढताना मात्र नाही. गव्हर्नरची निवडणूक महापालिकेनंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबरात. त्यामुळे दर कार्यकाळात पंधरा महिने झाले की बाहेर पडायचं एक दार उघडतं. 2004 चा विजेता चार वर्षं पूर्ण करीन असं कागदावर सही करून सांगत होता. 31 मार्च 2006 ला खुर्ची सोडून गेला. 2016 चा विजेता, दुसरी फेरी आल्यापासून पहिल्याच फेरीत जिंकणारा पहिला, एप्रिल 2018 मध्ये गेला. दोघेही पंधरा महिन्यांनी, दोघेही गव्हर्नर झाले. शहराने मात्र लक्षात ठेवलं. पहिला 2012 मध्ये पुन्हा महापौरपदासाठी उभा राहून हरला. दुसरा 2018 मध्ये राज्य जिंकूनही या शहरात मागे पडला.

त्यांच्या जागी आलेले उपमहापौर नामधारी नव्हते. रस्त्यावरचे जाहिरातफलक उतरवणारा, 1 जानेवारी 2007 पासून लागू झालेला कायदा जगभर गाजला. तो त्यातल्या पहिल्याचा. 2008 ला तो सुमारे 60 टक्के मतांनी ‘पुन्हा’ निवडून आला. दुसऱ्याने 2020 ची साथीमुळे नोव्हेंबरात ढकललेली निवडणूक जिंकली आणि मे 2021 मध्ये कर्करोगाने त्याचं निधन झालं. मग त्याचा उपमहापौर पुढे आला. 2005 ते 2024 या पाच कार्यकाळांपैकी तीन उपमहापौरांनी संपवले. उपमहापौरपदावरून न येता पूर्ण चार वर्षं खुर्चीत बसलेला माणूस या वीस वर्षांत एकच, आणि तो 2016 ला पहिल्याच फेरीत पडला.

एवढं होऊनही जोडीदाराची चर्चा प्रचारात फार होत नाही. 2020 ला विरोधी डाव्या उमेदवाराने 1988 ला निवडून आलेल्या, आता 85 वर्षांच्या त्याच माजी महिला महापौरांना सोबत घेतलं, तेव्हा बोलणं झालं ते मुख्यतः वयावर. महापौरांच्या आजाराची माहिती मात्र 2019 पासून सगळ्यांना होती.

2024 मध्ये सत्तेतल्या महापौरांसोबत माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या आग्रहाचा एक निवृत्त पोलीस कर्नल होता. डाव्या उमेदवारासोबत आणखी एक माजी महिला महापौर, ज्या काही महिन्यांपूर्वी याच महापौरांच्या प्रशासनात काम करत होत्या. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण 15 सप्टेंबरच्या टीव्ही वादात एका उमेदवाराने दुसऱ्याला खुर्ची मारली आणि पुढचे कित्येक दिवस तेवढंच चाललं. पहिल्या फेरीत तिघे 29.48, 29.07 आणि 28.14 टक्क्यांवर. दुसऱ्या फेरीत महापौरांना 59.35 टक्के मतं पडली. मतदान सक्तीचं असूनही 31 टक्क्यांहून जास्त मतदार आलेच नाहीत, म्हणजे हरलेल्याला पडलेल्या मतांपेक्षा जास्त. कायद्याने ही झाली ‘पुनर्निवड’, त्यामुळे 2028 ला या महापौरांना उभं राहता येणार नाही.