ऑडिओ इंटरफेस घेताना कोणता आकडा बघायचा?

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र. त्याच्या खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा १९२ किलोहर्ट्झ हा असतो, म्हणजे सेकंदाला १,९२,००० वेळा आवाजाची नोंद. घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्याने त्याकडे खुशाल काणाडोळा करावा. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. ध्वनिलहर पुन्हा जशीच्या तशी उभी करायला तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा नोंद घेतली की झालं. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ हा दर त्यातूनच आला. १९२ वर फाइल मात्र चौपटीहून मोठी होते.

या नियमाचा पाया अभियंता हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये तारायंत्राचा अभ्यास करताना घातला. त्याच वर्षी त्याने आणखी एक शोधनिबंध लिहिला, आणि खरेदीच्या वेळी मला तोच जास्त कामाचा वाटतो. साध्या रोधाला (रेझिस्टरला) बॅटरी जोडलेली नसली तरी त्याच्या दोन टोकांमध्ये बारीकसं व्होल्टेज सतत थरथरत असतं, हे जॉन जॉन्सनने मोजलं होतं. त्याचं गणित नायक्विस्टने मांडलं. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन अस्वस्थ असतात. कितीही पैसे मोजा, ते गप्प बसत नाहीत.

मायक्रोफोनलाही रोध असतोच. १५० ओहमच्या रोधातून खोलीच्या तापमानाला, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, सुमारे उणे १३१ डीबीयू इतकी खरखर येणारच. (डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्टच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पातळी; उणे आकडा जितका मोठा, तितकी खरखर कमी.) इंटरफेसच्या माहितीपत्रकात 'ईआयएन' (इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज, म्हणजे इनपुटच्या हिशेबात मोजलेली खरखर) हा आकडा शोधा. तो उणे १२८ च्या आसपास असेल, तर निसर्गाच्या मर्यादेपासून यंत्र जेमतेम तीन डेसिबल दूर आहे. आजकाल स्वस्त यंत्रंही इथवर पोचतात, म्हणजे महाग यंत्राला यापुढे सुधारायला फारशी जागाच नाही. (आकड्यापुढे 'ए-वेटेड', म्हणजे कानाला कमी जाणवणारी खरखर कमी धरून मोजलेला, असं लिहिलं असेल तर तो दोनेक डेसिबलने देखणा झालेला असतो.) छताचा पंखा याहून कितीतरी जास्त आवाज करतो.

'गेन', म्हणजे यंत्र सिग्नल किती वाढवू शकतं, ते मात्र तपासा. शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक बऱ्यापैकी मोठ्या आवाजालाही दोन मिलिव्होल्टपेक्षा कमी देतो. तानपुऱ्यासारख्या हळू आवाजाच्या वाद्याला ६० डेसिबल, म्हणजे हजारपट वाढ लागू शकते. कंडेन्सर माइकचा सिग्नल बराच जोरकस असतो, पण त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसने माइकच्याच वायरीतून दिलेली वीज, लागते.

दुसरी डोकेदुखी विलंबाची. संगणक आवाजाच्या नोंदी, म्हणजे नमुने, गठ्ठ्याने हाताळतो; त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४४.१ वर १२८ नमुन्यांच्या बफरला २.९ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हवेतला आवाज एक मीटर जातो. बफर १०२४ केला तर २३ मिलिसेकंद, आणि हे फक्त आत येतानाचं. बाहेर पडताना पुन्हा तेवढेच. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज इतका मागून आला की गाणारा लयीत राहत नाही. म्हणून डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय हवीच. तिच्यात आवाज संगणकात न शिरता थेट कानात येतो.

इनपुट किती हवेत, ते एका वेळी काय वाजणार त्यावर ठरवा. एकट्याने थर चढवत गेलात तर दोन पुरतात. तबल्याला एक माइक, डग्ग्याला एक आणि सोबत गायकही असेल, तर माइक प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) असलेले किमान तीन इनपुट लागतील, म्हणजे दुकानात चारचं यंत्र मागायचं. खोक्यावरचे 'चार इनपुट' मोजताना त्यातले दोन लाइन इनपुट (कीबोर्डसारख्या जोरकस सिग्नलसाठीचे, माइक प्रीअँप नसलेले) तर नाहीत ना, ते बघून घ्या.