चिंगेलहॉर्नर

चिंगेलहॉर्नर : पूर्व स्वित्झर्लंडमधील आल्प्सच्या सुळक्यांची रांग. ही ग्लारुस व ग्राउब्युंडेन या कँटनांच्या (स्विस प्रांतांच्या) सीमेवर असून सर्वोच्च टोक २,८४९ मी. आहे. एका अंगाला एल्म, दुसऱ्या अंगाला फ्लिम्स ही गावे आहेत.

सुळक्यांच्या पोटातून पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ जाते. रेघेवरचा व्हेरुकानो हा खडक २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा, तर खालचा फ्लिश हा खडक जेमतेम साडेतीन ते पाच कोटी वर्षांचा. खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे सह्याद्रीत अंगवळणी पडलेले गणित इथे उलटे होते. आल्प्स घडताना जमिनीत खोलवर जुना खडक नव्यावर चढून निदान ३५ किमी. उत्तरेकडे सरकला, पुढे डोंगर उचलला गेला, झिजला आणि ती घसरपट्टी उघडी पडली. एवढा कातळ सरकतो हे मानायला स्विस भूवैज्ञानिक आर्नोल्ड एशर धजावला नाही. त्याने दुहेरी घडीची, म्हणजे थर दोन बाजूंनी दुमडून उलटे झाल्याची, कल्पना काढली व दुसरा स्विस भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइमने ती लावून धरली. १८८४ मध्ये फ्रान्सच्या मार्सेल बेर्त्रांने एकाच सरकण्याने सारे उलगडून दाखवले, तेही इथे पाऊल न ठेवता, हाइमच्याच वर्णनावरून! हाइमला ते पटायला विसावे शतक उजाडले. २००८ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे.

रेघेच्या लगेच खाली मार्टिन्सलोख हे आरपार भोक आहे. राजगड पाहिलेला माणूस त्याला नेढेच म्हणेल. मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबरअखेरीस आभाळ स्वच्छ असल्यास नेढ्यातून आलेला सूर्यकिरणांचा झोत दोन-एक मिनिटे एल्मच्या चर्चवर पडतो.

एल्मला याच फ्लिशमधल्या पाटीच्या दगडाची खाण होती. शाळकरी पाट्यांसाठी डोंगर खालून कोरत नेला आणि ११ सप्टेंबर १८८१ रोजी कडा कोसळून ११५ माणसे गाडली गेली.

हिवाळ्यात दोन्ही बाजूंना स्कीइंग चालते. उन्हाळ्यात एल्महून सेग्नेस खिंडीमार्गे (२,६२७ मी.) फ्लिम्सला उतरणारी वाट भटक्यांच्या आवडीची आहे. वाट दाखवणाऱ्या पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणा सोडू नयेत. चढ सुमारे १,६०० मी., त्यात वरचा टप्पा घसाऱ्याचा. एवढी दमछाक नको असल्यास श्वांडेनजवळचे लोखसाइटे गाठावे. तिथे तीच रेघ दरीत उतरली आहे आणि तिच्यावर हात ठेवता येतो.