बाभूळ की सुबाभूळ? सरपण उतरवून घेण्यापूर्वी एवढे पाहावे

लग्नसराई सुरू झाली की आमच्या वखारीत एकच तक्रार वारंवार येते : भाव बाभळीचा लावला आणि माल सुबाभळीचा पाठवला. ही तक्रार बहुतेक वेळा बारीक फांट्यांची साल पाहून केलेली असते. तोवर लाकूड भटारखान्यामागे रचून झालेले असल्याने ते पुन्हा भरण्यात आणि काट्यावर घालण्यात आचाऱ्यांचा व आमचा निम्मा दिवस जातो.

बाभळीची साल काळपट, जाड आणि उभ्या खोल भेगांची असते हे आपण जाणताच. परंतु ती खूण जुन्या बुंध्याची आहे. त्याच झाडाच्या मनगटाएवढ्या फांदीची साल बरीच गुळगुळीत असते आणि आत गाभा जेमतेम धरलेला असल्याने ती फोडल्यावर पांढरीच दिसते. उलट सुबाभळीची करडी साल पावसात भिजली की काळसर होते, आणि लांबून पाहणारा फसतो.

म्हणून निवाडा नेहमी जाड ढलपीवर करावा. बाभळीचा गाभा तांबूस तपकिरी असतो, हवा लागून तो अधिक गडद होत जातो आणि त्याभोवतीच्या पिवळट-पांढऱ्या कडेपासून स्पष्ट वेगळा दिसतो. तिच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे कुऱ्हाडीने फोडलेली बाजू खरबरीत निघते व तिला कुसळे राहतात. सुबाभूळ बहुधा सरळ चिरते. तिचा गाभा फिकट असतो आणि सारख्याच मापाची सुकी ढलपी हातात हलकी लागते. बारीक फांटीवर जोडीने आलेले सरळ काटे दिसले तर ती सुबाभूळ नव्हे, कारण सुबाभळीला काटेच नसतात. वेडी बाभूळही काटेरीच असते. तिला उगीच कमी लेखतात, निखाऱ्याला ती उत्तम आहे. आम्ही ती वेगळी रचतो आणि मागितल्यास कमी भावात देतो.

मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींत तडकलेली साल ऐनाची. ऐन आणि खैर ही झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्याने परवानगीशिवाय तोडलेला त्यांचा माल आम्ही घेत नाही, मग भाव कितीही सोयीचा असो.

जातीपेक्षा ओल अधिक महाग पडते, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. किलोमागे उष्णता सुक्या लाकडांत फारशी कमी-जास्त नसते. बाभूळ घ्यायची ती तिचे निखारे जास्त वेळ टिकतात म्हणून. ओल्या बाभळीत मात्र आपण पाण्याचेही पैसे मोजता आणि वर धूर सोसता. दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात : सुक्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात. सुक्या ढलपीच्या टोकाला मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा असतात आणि साल नखाने सुटते.

आमचा भाव बाजारापेक्षा थोडा चढा वाटतो, कारण आम्ही लाकूड फोडून, छपराखाली सुकवून मगच तोलतो. सुकताना घटलेले वजन आमच्या खाती जाते. बारीक फांटे मुद्दाम घालतो, त्यांच्याशिवाय चूल लवकर धरत नाही. ते नको असल्यास मागणी देतानाच सांगावे. गाडी आल्यावर प्रत्येक थरातील एक-दोन जाड ढलप्या आमच्या माणसासमोर फोडून घ्याव्यात. तेथे दुसऱ्या जातीचे लाकूड निघाले तर तो माल त्याच गाडीने परत नेला जाईल. उतरवून रचलेला माल मात्र बदलून मिळणार नाही.