मेलेली जेलीफिश का डसते?

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळसर फुगे येऊन पडतात. ब्ल्यू बॉटल, शास्त्रीय नाव फायसेलिया. काटेकोर बोलायचं तर ही जेलीफिश नव्हे, चिकटून राहणाऱ्या अनेक जीवांची वसाहत आहे, पण नातं जवळचं. फुगा सुकलाय, मेलाय, असं समजून कुणी त्याचा निळा दोरा उचलतं आणि कळवळतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अशा दंशांच्या बातम्या बऱ्याच आल्या होत्या. प्राणी मेलेला, मग डसलं कोण?

डसली ती पेशी. जेलीफिश, समुद्रपुष्पं, पोवळी, तळ्यातला हायड्रा या सगळ्यांकडे दंशपेशी असतात आणि निडारिया संघाची ओळखच त्यांच्यावरून होते. प्रत्येक दंशपेशीच्या पोटात एक सूक्ष्म कुपी, बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासची. कुपीत गुंडाळलेली नळी, तीही सदऱ्याची बाही आत ओढून घ्यावी तशी उलटी केलेली. भिंत मिनिकोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाची. आतल्या द्रवात ऋणभारित रेणूंच्या लांब साखळ्या असतात. त्या धनभारित आयन धरून ठेवतात, आयनांमागोमाग पाणी शिरतं आणि दाब वाढत वाढत वातावरणाच्या सुमारे दीडशेपट होतो. समुद्रात एवढा दाब अनुभवायचा तर दीड किलोमीटर खोल जावं लागेल. पेशी मात्र तो कायम बाळगून बसलेली असते.

झाकण उघडलं की नळी सुलटी होत बाहेर झेपावते. हायड्राच्या कुपीचं हे झडणं जर्मन संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. सुरुवातीचा काटेरी टोकाचा घाव ७०० नॅनोसेकंदांत होतो, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास लाख पटींहून अधिक! आकडा वाचून छपाईची चूक वाटते. गंमत म्हणजे प्रत्यक्ष वेग सेकंदाला वीस मीटरच्या आतच असतो. अचाट आहे ती तो वेग गाठण्याची घाई. इवल्याशा टोकावर हा सगळा जोर एकवटतो, म्हणून छोट्या कवचधारी प्राण्यांचं कवचही भेदलं जातं आणि विष आत जातं.

एकदा झडलेली कुपी परत भरता येत नाही. पेशी संपते, नवी घडवावी लागते. एवढा महागडा माल दर लाटेच्या धक्क्याने उडून गेला तर परवडेल कसं? नेमॅटोस्टेला या समुद्रपुष्पावरच्या २०२० च्या संशोधनात याचं उत्तर मिळालं. त्याच्या दंशपेशीतल्या कॅल्शियमच्या वाहिन्या एरवी निष्क्रिय असतात, त्यामुळे नुसत्या स्पर्शाने काही होत नाही. भक्ष्याची रसायनं जाणवली की शेजारच्या चेतापेशींच्या संदेशाने पेशीतला विद्युतभार बदलतो आणि वाहिन्या सज्ज होतात. मग स्पर्श झाला की कुपी झडते. मला यात विशेष वाटतं ते असं, की मेंदू नसलेल्या प्राण्यात दोन पुराव्यांशिवाय गोळी न झाडण्याची शिस्त थेट पेशीतच बसवलेली आहे.

प्राणी मेला तरी कुपीतला दाब लगेच उतरत नाही. न झडलेल्या कुप्या शाबूत असतात आणि दाबल्याने, चोळल्याने किंवा पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण एकदम बदलल्याने झडू शकतात. म्हणून दंश झालेली जागा चोळू नये, वाळूने घासू नये, गोडं पाणी ओतू नये. लघवीचा उपाय तर निव्वळ ऐकीव. ब्ल्यू बॉटलसाठी ऑस्ट्रेलियात शिफारस आहे ती अशी: चिकटलेले दोरे काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं धरा. व्हिनेगर तिथे बॉक्स जेलीफिशच्या दंशावर वापरतात, ब्ल्यू बॉटलवर नाही. धाप लागली, छातीत दुखलं किंवा अंगभर सूज आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावं.

ही कुपी चोरीलाही जाते. ग्लॉकस नावाची निळी समुद्री गोगलगाय फायसेलिया खाते आणि न झडलेल्या कुप्या पचवून न टाकता आपल्या शरीराच्या बोटांसारख्या टोकांत साठवते. मग तिला हात लावणाऱ्याला त्याच कुप्यांचा प्रसाद मिळतो. मूळ मालक पोटात गेला तरी शस्त्र चालतंच.

याच कुपीमुळे एक जुना गोंधळही सुटायला मदत झाली. मिक्सोझोआ हे माशांच्या अंगातले सूक्ष्म परजीवी बराच काळ एकपेशीय गटात टाकले जात. त्यांच्या बीजाणूंवरच्या कुप्या दंशपेशींच्या कुप्यांशी फारच जुळत होत्या. पुढे जनुकांनीही दुजोरा दिला: ही जेलीफिशचीच भावंडं, आकसत आकसत चार-दोन पेशींवर आलेली. त्यांच्यातल्या सामन माशावरच्या हेनेगुयाने तर मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा, जनुकसंचही गमावलाय, असं २०२० मध्ये दिसून आलं. यजमानाला चिकटण्यासाठी लागणाऱ्या कुप्या मात्र त्याच्याही बीजाणूंवर आहेत.