ओन्सेन र्‍योकानमधील मुक्काम

ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा आणि र्‍योकान म्हणजे जपानी धाटणीचे निवासगृह. झर्‍याचे पाणी स्वतःच्या हौदात खेळवणारे र्‍योकान ते ओन्सेन र्‍योकान. राहण्याचे दर खोलीमागे नसून माणशी असतात आणि त्यात बहुधा रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. जपानीत या पद्धतीला ‘इप्पाकु निशोकु’, म्हणजे एक रात्र व दोन जेवणे, असे म्हणतात.

१९४८ च्या ओन्सेन कायद्यानुसार जमिनीतून निघताना पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असावे, किंवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादे तरी त्यात नेमलेल्या प्रमाणात असावे. म्हणजे थंड झराही कायद्याने ओन्सेन ठरू शकतो. त्याचे पाणी तापवून हौदात सोडतात. उलट गुन्मा प्रांतातील कुसात्सुचे पाणी इतके कढत येते की ते लांब फळ्यांनी घुसळून निववण्याची रीत तिथे पडली. गार पाणी मिसळले की खनिजे पातळ होतात, म्हणून हा खटाटोप. झर्‍याचे पाणी सतत आत येऊन काठावरून वाहून जात असेल तर त्याला ‘गेन्सेन काकेनागाशी’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी मात्र तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात. मुक्काम पाण्यासाठीच असेल तर आरक्षणापूर्वी ही एक गोष्ट विचारून घ्यावीच. आलिशान खोलीपेक्षा तिचे मोल जास्त आहे.

यामानाशी प्रांतातील केइउन्कान (इ.स. ७०५) आणि इशिकावा प्रांतातील अवाझुचे होशी (इ.स. ७१८) ही परंपरेने सर्वांत जुनी मानली जाणारी निवासगृहे. पूर्वी लोक दुखणे घेऊन, किंवा शेतीची कामे उरकल्यावर, झर्‍यावर मुक्कामाला जात. या उपचाराला ‘तोजी’ म्हणतात. सात दिवसांचा एक फेरा धरत आणि तांदूळ बरोबर नेऊन तिथेच शिजवत. ताटामागून ताट वाढणारे आजचे र्‍योकान हे त्या साध्या मुक्कामाचे श्रीमंत रूप होय.

खोली साधारण दुपारी ३ ला मिळते आणि दुसर्‍या दिवशी सकाळी १० किंवा ११ ला सोडावी लागते. रात्रीचे जेवण ६ ते ७.३० च्या दरम्यान सुरू होते. जेवण ठरल्या वेळेला एकेक पदार्थ करून वाढायचे असल्याने रात्री ८ ला पोचणार्‍याचे जेवण बहुधा बुडते आणि पैसे मात्र पूर्ण जातात. गाडी चुकली तर लगेच फोन करावा. चार-साडेचारपर्यंत पोचलेल्यालाच या मुक्कामाचे खरे सुख मिळते, कारण जेवणाआधीचे स्नान हे सगळ्यांत निवांत.

जोडे ‘गेनकान’ या प्रवेशाच्या ओट्याखाली उतरवायचे. पुढे सपाता घालायच्या, पण तातामीवर त्याही चालत नाहीत. तिथे अनवाणी किंवा मोज्यांवर जायचे. शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या पायात तशाच ठेवून खोलीत येणे ही पाहुण्यांची नेहमीची चूक. तातामी लव्हाळ्याच्या जातीच्या गवताची विणलेली असते, म्हणून चाकांची बॅग तिच्यावरून ओढू नये, उचलून न्यावी. भिंतीतल्या ‘तोकोनोमा’ या कोनाड्यात चित्राची गुंडाळी आणि फुले असतात. ती सामान ठेवायची जागा नव्हे. खोलीचे माप तातामींच्या संख्येत सांगतात: आठ तातामींची खोली म्हणजे सुमारे १३ चौरस मीटर. पलंग नसतो. आपण जेवत असताना सेविका, म्हणजे ‘नाकाई-सान’, खोलीत फुतोन गाद्या अंथरून जातात.

खोलीत युकाता हा सुती झगा ठेवलेला असतो. तो घालून निवासगृहात कुठेही फिरता येते आणि बहुतेक ठिकाणी जेवायलाही बसता येते. बाराबंदीसारखा एका पदरावर दुसरा पदर घ्यायचा, पण इथे नियम पक्का आहे: आपला उजवा पदर आधी अंगाला लपेटायचा आणि डावा वर घ्यायचा. उलटे फक्त मृताला नेसवतात, त्यामुळे चूक दिसली की नाकाई-सान हळूच सांगतात. पट्टा पुरुष कमरेखाली, स्त्रिया कमरेवर बांधतात. ह्योगो प्रांतातील किनोसाकीमध्ये पाहुणे याच वेशात, पायात लाकडी गेता घालून, गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांची फेरी करतात.

सामाईक हौद स्त्री-पुरुषांचे वेगळे असतात. दारावरच्या पडद्यावर पुरुषांसाठी 「男」 आणि स्त्रियांसाठी 「女」 ही अक्षरे असतात. पुष्कळ ठिकाणी रात्रीतून दोन्ही हौदांची अदलाबदल करतात. काल गेलो त्याच दारातून आज सवयीने शिरू नये, पडदा पुन्हा वाचावा.

कपडे सगळे काढून टोपलीत ठेवायचे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. आत फक्त छोटा पंचा न्यायचा. हौदात उतरण्यापूर्वी ठेंगण्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे आणि फेसाचा थेंबही उरू द्यायचा नाही. मग बालदीने हौदातले पाणी आधी पायांवर, नंतर मांड्या, हात आणि खांद्यांवर घ्यायचे. याला ‘काकेयु’ म्हणतात. यामुळे अंगाला उष्णतेची सवय होते आणि रक्तदाब एकदम हलत नाही. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवतात. लांब केस वर बांधायचे. हौद मुरण्यासाठी आहे, चोळण्यासाठी नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्या आपल्या माणसाला हा फरक आधी माहीत असलेला बरा.

पाणी बहुधा ४० ते ४३ अंशांचे असते. पहिल्या खेपेला ३ ते १० मिनिटे पुरेत. जास्त बसले की ‘नोबोसे’ होते: चेहरा तापतो, डोके गरगरते, आणि झटकन उभे राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी येते. काठावर बसून थोडे निवावे, मग सावकाश उठावे. स्नानाआधी व नंतर पाणी प्यावे. खोलीत चहाबरोबर ठेवलेली मिठाई आल्याआल्या खाण्यामागेही कारण आहे. रिकाम्या पोटी कढत पाण्यात भोवळ येण्याचा धोका वाढतो. मद्य घेऊन हौदात उतरू नये. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणार्‍यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून जोडवी, पैंजण खोलीतच काढून ठेवावेत. कुसात्सुसारख्या तीव्र आम्ल पाण्यात ओरखडे आणि नुकतीच दाढी केलेली त्वचा झोंबते. नाजूक कातडीच्या माणसाने बाहेर येताना साध्या पाण्याने अंग धुवावे. गोंदण असेल तर काही ठिकाणी प्रवेश मिळत नाही. अशा पाहुण्यांसाठी तासावर मिळणारा खासगी हौद, ‘काशिकिरी’, हा उत्तम मार्ग. कपड्यांच्या खोलीत परतण्यापूर्वी अंग पुसून कोरडे करावे, म्हणजे तिथली जमीन ओली होत नाही.

रात्रीचे ‘काइसेकी’ जेवण छोट्या छोट्या पात्रांत येते: आधी एक-दोन घास, मग कच्ची मासळी, शिजवलेले, भाजलेले, छोट्या शेगडीवरचे भांडे, आणि भात, मिसो सूप व लोणचे अगदी शेवटी. शाकाहारी पाहुण्याची अडचण दिसणार्‍या मासळीपेक्षा ‘दाशी’ या अर्काची असते. वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीसापासून केलेला हा अर्क भाजीत, सूपमध्ये, कधी लोणच्यातही असतो. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. मांस, मासे आणि माशाचा दाशी चालत नाही, कोंबू या समुद्रवनस्पतीचा आणि शिताके अळंबीचा दाशी चालतो, असे आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावे. अंडी नको असतील तर तेही लिहावे. आयत्या वेळी बदल शक्य नसतो, कारण सामान आधीच भरलेले असते. काही ठिकाणी स्पष्ट नकार येतो. तिथे ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाविना मुक्काम, घ्यावा आणि खाणे बरोबर न्यावे.

पोचल्यावर परदेशी पाहुण्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. बक्षिशी देण्याची गरज नाही. निघताना पेये आणि स्नानकर यांचा हिशेब होतो. हा कर बहुतेक गावांत माणशी दिवसाला १५० येन असतो. गाद्या घडी करून ठेवाव्या लागत नाहीत. युकाता आणि मोठा टॉवेल खोलीतच सोडायचा. निवासगृहाचे नाव छापलेला पातळ पंचा बहुधा पाहुण्याने नेण्यासाठीच असतो, पण तो ओला आणि गंधकाच्या वासाचा असल्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा बांधून न्यावा.