उसाचं घड्याळ आणि कोल्हापूरचं शिवार

कोल्हापूरच्या गंगावेशीत संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसाळ ग्लास हातात येतो. बर्फ नाही, टँकर नाही, पिशवी नाही. याच जिल्ह्यातलं ‘गोकुळ’चं दूध मात्र गावोगावच्या संस्थांत गोळा होतं, थंड केलं जातं आणि रातोरात पावणेचारशे किलोमीटरवरच्या मुंबईला निघतं. पहिल्या पद्धतीत म्हैस शहराच्या जवळच हवी. दुसरीत ती भुदरगडच्या एखाद्या वाडीत असली तरी चालते. मधल्या फरकाचा हिशेब दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन शेतकऱ्यानं मांडून ठेवला आहे.

त्याचं नाव योहान हाइनरिश फॉन थ्युनेन (१७८३–१८५०). उत्तर जर्मनीत रोस्टोक शहराजवळ टेलो इथं त्याची शेती होती. मजुरी किती, खत किती, बाजारात धान्य न्यायला घोड्यांनी वाटेत किती दाणा खाल्ला, असल्या नोंदी त्यानं वर्षानुवर्षं ठेवल्या. १८२६ साली त्यातून पुस्तक निघालं. त्यात त्यानं एक काल्पनिक देश उभा केला: सपाट मैदान, सगळीकडे सारखीच माती, मधोमध एकच शहर आणि माल न्यायला फक्त गाड्या. अशा देशात कुठे काय पिकेल? शहराला लागून दूध आणि भाजी, कारण ती नासते. त्याच्या बाहेर जंगल, कारण सरपण जड असतं आणि लांबून आणणं परवडत नाही. मग धान्याची वर्तुळं, आणि सगळ्यात बाहेर गुरं, कारण ती स्वतःच्या पायांनी बाजाराला जातात. जमिनीतून हातात उरणारा पैसा म्हणजे बाजारभावातून लागवडीचा आणि वाहतुकीचा खर्च वजा. शहरापासून लांब जावं तसा वाहतुकीचा आकडा फुगतो आणि उरलेला पैसा आटतो. एका पिकाचा पैसा जिथे दुसऱ्यापेक्षा कमी होतो, तिथे पीक बदलतं.

कोल्हापुरात पहिलीच अट मोडते. सपाट मैदान म्हणाल तर गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि रस्त्यानं जेमतेम शंभर किलोमीटरवर शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पश्चिमेला भात आणि नाचणी, चंदगडकडे काजू आणि रताळी, आजऱ्याला घनसाळ भात, गडहिंग्लजकडे मिरची, पूर्वेला सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला. जंगल थ्युनेनच्या दुसऱ्या वर्तुळात नाही, ते राधानगरी-दाजीपूरच्या उतारांवर आहे. हे सगळं पाऊस आणि माती यांनीच ठरवलं, असं म्हणून भूगोलाचं पुस्तक मिटता आलं असतं. पण मग ऊस आडवा येतो.

शंभर किलो ऊस गाळला तर कोल्हापूरकडे साधारण बारा किलो साखर हाती लागते, आणि हा उतारा देशातल्या चांगल्या उताऱ्यांत मोडतो. उरलेलं बहुतेक पाणी आणि चिपाड. म्हणजे एकरी चाळीस टन ऊस निघाला, तर पाच टनांहून कमी साखरेसाठी चाळीस टन ओझं रस्त्यावरून ओढायचं. त्यात ऊस तोडला की घड्याळ सुरू होतं. कांड्यातलं विकर साखरेचे तुकडे पाडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करायला लागतं. ती चवीला गोडच असतात, पण कारखान्यात त्यांचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जातात. कापलेल्या तोंडांतून जिवाणूही शिरतात. वरून ऊस वाळतो, वजन घटतं, आणि बिल तर वजनावर. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर, पडावा असा धोशा असतो. उन्हात दोन दिवस उभी राहिलेली ट्रॉली शेतकरी आणि कारखाना दोघांनाही बुडवते.

माझ्या मते थ्युनेन कोल्हापुरात इथे भेटतो. त्याच्या नकाशातलं शहर काढून तिथे कारखान्याचं धुराडं ठेवा. केंद्र एक नाही, अनेक आहेत: भोगावती, कुंभी-कासारी, पंचगंगा, वारणा, दूधगंगा-वेदगंगा. नद्यांचीच नावं घेतलेले हे कारखाने नदीखोऱ्यांत एकमेकांपासून बेताच्या अंतरावर बसले आहेत. दोन कारखान्यांत केंद्र सरकारच्या नियमानं १५ आणि महाराष्ट्राच्या नियमानं २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं. कोल्हापूरचे जुने कारखाने नियमाच्या आधीचे, म्हणून त्याहून जवळ आहेत. वर्तुळं एकमेकांत घुसतात, आणि मधल्या गावात ऊस कुणाला घालायचा यावर पारावर रात्र रंगते.

कारखान्यांच्या आधी हाच पेच गुऱ्हाळानं सोडवला होता. ऊस लांब नेता येत नाही ना, मग चुलवाणच फडाजवळ पेटवा. काहिलीत रस आटला की ओझं आठव्या-दहाव्या हिश्शावर येतं आणि टिकतंही महिनोन्महिने. अशी हलकी, टिकाऊ वस्तू लांबच्या बाजाराला पाठवायला १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. थ्युनेनच्या भाषेत सांगायचं तर गुळानं अंतर स्वस्त केलं.

पण ऊस बारमाही पाण्याशिवाय उभा राहत नाही. इथे आणखी एक अंतर लागतं, आणि ते उभं असतं. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालतात, नदी टप्प्याटप्प्यानं तुंबते, आणि पावसाच्या तोंडावर बरगे काढले की पुराला वाट मोकळी होते. वरून राधानगरीसारख्या धरणाचं पाणी सोडलं जातं. त्या डोहांतून सहकारी पाणीपुरवठा संस्था पंपानं पाणी वर उचलतात. जितकी जमीन नदीपासून उंच, तितकी वीज जास्त आणि पाणीपट्टी जड. त्यामुळे नदीकाठ, त्यावरचा मळा, मग लाल माळ अशा पायऱ्या पडतात, आणि माळाच्या कुठल्या तरी उंचीवर ऊस थांबतो, सोयाबीन किंवा भुईमूग सुरू होतो. ही रेष पाऊस ओढत नाही, पंपाचं बिल ओढतं. थ्युनेननंही पुढे आपल्या मैदानात एक नदी सोडून पाहिली होती. नावेनं वाहतूक स्वस्त झाल्यावर त्याची वर्तुळं नदीच्या काठानं लांबट झाली. पंचगंगेकाठीही ती लांबटच आहेत, फक्त नावेऐवजी पंपानं.

अगदी काठाला ऊसच का, याला पुराचंही कारण आहे. साचलेल्या पाण्यात सोयाबीन काही दिवसांत कुजतं. उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर तो तग धरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये मात्र शेंडेच बुडाले आणि ऊस जागेवर कुजला. शिरोळच्या काळ्या रानात वेगळंच दुखणं आहे: पाट-पाणी भरपूर, निचरा नाही, म्हणून क्षार वर येऊन जमीन क्षारपड होते. थ्युनेनच्या हिशेबात पाणी जास्त झाल्याचा रकाना नव्हता.

आता एक गंमत. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा होतो. पण बहुतेक कारखान्यांत तो सगळ्यांचा सरासरी काढून टनामागे सारखाच कापण्याची पद्धत रुळली. म्हणजे कारखान्याच्या दारातला शेतकरी आणि चाळीस किलोमीटरवरचा, दोघांना कपात एकच. जवळच्याचा फायदा लांबच्याला वाटला जातो, आणि एरवी जिथे उसानं थांबायला हवं होतं त्याच्या पुढेही ऊस जातो. सहकारात हे न्यायाचं वाटतं. भूगोलाच्या नजरेनं पाहिलं तर वर्तुळाची रेष खोडरबरानं पुसल्यासारखं आहे. मला स्वतःला ही सरासरी जरा जास्तच उदार वाटते, पण लांबच्या शेतकऱ्यासमोर हे म्हणायचं धाडस करणार नाही.

सरासरीनं किलोमीटर पुसले, तरी पाणंद, म्हणजे रानात जायची वाट, पुसली जात नाही. रस्त्याला लागून फड असेल तर ऊसतोड मजुरांची टोळी पटकन येते, ट्रॅक्टर सरीच्या तोंडाशी लागतो. दहा जणांच्या बांधांपलीकडे रान असेल तर डोक्यावरून मोळ्या काढाव्या लागतात, टोळीला वर द्यायचे खुशालीचे पैसे वेगळे, आणि पाळी शेवटाला. मग ऊस फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाळत उभा राहतो. नकाशावर शंभर मीटर दिसतात, बिलात ते फार मोठे होतात. पाणंदीच्या भांडणांत पिढ्या गेल्या, त्यामागे हा हिशेब आहे.

शहराच्या कडेला तर वर्तुळ उलटंच फिरलं आहे. रॉबर्ट सिंक्लेअर या भूगोलतज्ज्ञानं १९६७ मध्ये दाखवलं की वाढत्या शहराला लागून शेती जोमदार नसते, उलट ढिली पडते. चार-पाच वर्षांत प्लॉट पडणार हे दिसत असेल तर विहीर कोण खोदणार, निचरा कोण करणार? पाचगाव, उचगावच्या बाजूला फिरलं की हे दिसतं: हद्दीचे दगड रोवलेलं रान, त्यात नावापुरतं सोयाबीन किंवा नुसतं गवत. थ्युनेन जिथे भाजी आणि दूध लावून गेला, तिथे आता वाट पाहणं पिकतं.

आणि ज्याच्या नावावर रान आहे, तो दिवसभर असतो कुठे? शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, नाहीतर इचलकरंजीच्या यंत्रमागावर. वाटण्यांनी रानाचे गुंठे झाले, त्यावर घर चालत नाही. भाजीला रोज हात लागतो, खुरपण, तोडणी, पहाटेचा बाजार. उसाला लागण, भरणी आणि रात्री-अपरात्री पाणी पाजणं एवढं झालं की तोडायला टोळी येते, आणि पुढच्या वर्षी खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेला ऊस, राखला तर लागणही वाचते. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, म्हशीला जातं, दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. म्हणून कारखान्याच्या ड्युटीवर जाणारा माणूस ऊस लावतो आणि घरात चार हात रिकामे असलेला कोबी-टोमॅटो लावतो. शेजारी-शेजारी, एकाच मातीत, एकाच पाण्यावर.